विहीणबाईंचा हॉर्न

विहीणबाई आमच्या घरून निघाल्या की हॉर्न वाजवायच्या. पीप-पीप, इतकाच. गाडी उलटी काढून रस्त्याला लावायची, काच खाली करायची आणि पाहुणीने दारावर टिचकी मारावी तसा तो हॉर्न द्यायचा. तो ऐकला की माझी नात हातातलं सगळं टाकून खिडकीशी धावायची. त्या सगळ्यात मीही आले, कारण त्या वेळी ती बहुतेक माझ्या मांडीवर असायची.

इथे न्यूझीलंडमध्ये ही रीतच आहे. कुणाच्या घरून निघालं की गाडीतून हॉर्न वाजवून निरोप घ्यायचा. जावयाने मला समजावून सांगितलं होतं की नियमाने बघितलं तर हॉर्न फक्त समोरच्याला सावध करायला, बाकी कशालाच नाही. पण निरोपाचा हॉर्न सगळेच वाजवतात आणि शेजारीही काही म्हणत नाहीत. मी मान डोलावली होती. नियम काय नि रीत काय, मला त्या हॉर्नचा हेवा वाटायचा. हेवा हा सभ्य शब्द झाला. माझ्या पोटात दुखायचं.

दुखायला कारणही होतं. नाशिकमध्ये मी सगळा जन्म गाडी चालवली. आमच्या यजमानांना गाडीची धास्ती. ते शेजारी बसायचे आणि कसारा घाट सुरू झाला की डोळे मिटून घ्यायचे. घाट मी चढायचे, घाट मी उतरायचे. वळणाआधी हॉर्न, वळण संपता संपता पुन्हा हॉर्न, आणि मधल्या वेळात समोरच्याचा हॉर्न ऐकायला कान उघडे. पुढच्या ट्रकच्या पाठीवर तर लिहिलेलंच असायचं, हॉर्न ओके प्लीज. एवढ्या प्रेमाने विनंती केल्यावर वाजवायचा नाही म्हणजे उद्धटपणाच. अशी मी. आणि इथे लेकीकडे राहायला आले तर नातीने मला नाव ठेवलं, घरआजी. विहीणबाई, कारआजी.

विहीणबाई म्हणजे जावयाची आई. जावई इथे स्थायिक झाला तेव्हा तो त्यांनाही घेऊन आला. त्या खाली लोअर हट गावाच्या सपाट भागात एका छोट्या घरात एकट्या राहतात आणि आमच्या लेकीचं घर वर टेकडीवर आहे. लेक हॉस्पिटलात फार्मसिस्ट. जावई सकाळी ट्रेनने वेलिंग्टनला जातो, त्याची गाडी दिवसभर दारात उभी. शाळा सुटली की नातीला आणायचं काम विहीणबाईंचं. त्यांची चंदेरी रंगाची लहानशी गाडी रोज दुपारी आमच्या दारात यायची, नातीला उतरवायची, विहीणबाई चहा घ्यायच्या, आणि मग ते पीप-पीप. जावयाची गाडी आणि मी, दोघी खिडकीच्या आतबाहेर उभ्या राहून ते बघायचो.

मी इथे गाडी चालवलीच नाही असंही नाही. आल्या आल्या एका रविवारी लेकीला शेजारी बसवून निघाले होते. गाडी उजवीकडे बसून चालवायची, रस्ता डावीकडचा, सगळं आपल्यासारखंच. सिग्नल हिरवा झाला तरी पुढचे गृहस्थ हलेनात, म्हणून मी जरासा हॉर्न दिला. नाशिकला त्याला कुणी हॉर्न म्हटलं नसतं, खोकला म्हटलं असतं. पुढच्या माणसाने आरशात बघितलं. त्याची बायको तर अख्खी मागे वळली. फुटपाथवर कुत्रा फिरवणारी बाई थांबली, कुत्राही थांबला. आणि माझी लेक सीटवर घसरत घसरत काचेच्या खाली गेली.

"आई," ती खालूनच म्हणाली, "इथे हॉर्न म्हणजे शिवी. तू आत्ता त्या माणसाला शिवी दिलीस."

मी म्हटलं, मग तुझ्या सासूबाई रोज आपल्या दारात येऊन शिव्या देऊन जातात का? तर म्हणे, ते वेगळं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी ऐकलं होतं. इथे सासूचा तो बाब्या झाला आणि आईचं ते कार्टं. त्या दिवसापासून मला गाडी बंद.

दिव्यांचीही तीच गत. विहीणबाई भर दुपारी, जरा कुठे ढग आले की, हेडलाईट लावून यायच्या. पहिल्यांदा मी ते खिडकीतून बघितलं आणि आपल्याकडे सगळा रस्ता करतो तेच केलं. हात उंच करून बोटं मिटायची, उघडायची, मिटायची, उघडायची. म्हणजे बाई गं, तुझी लाईट चालू राहिलीय. नाशिकला दिवसा कुणाची लाईट जळत असली की भाजीवाला, रिक्षावाला, शाळेतली पोरं, सगळी अशी बोटं नाचवून सांगतात. त्यात ओळख लागत नाही. विहीणबाईंनी मात्र बघितलं आणि गोड हसून मला तशीच बोटं नाचवून दाखवली. त्यांना वाटलं, मी टाटा करतेय. आत आल्यावर मी लाईटचं सांगितलं तर म्हणाल्या, पाऊस-धुक्यात, संधिप्रकाशात लावायचीच असते हो, आपल्याला दिसावं म्हणून नाही, आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नातीला मात्र ती खूण फार आवडली. ती दिवसभर बोटं मिटत-उघडत घरभर फिरली आणि फ्रिजचा दिवा लागला तरी फ्रिजला सांगायची, "युअर लाईट इज ऑन." मराठी तिला सगळी कळते. बाकी जगाशी ती इंग्रजीतच बोलते. मांडीवर गोष्ट ऐकताना मात्र "मग? मग काय झालं?" हे ती मराठीत विचारते. ते मला तेव्हा फार मोठं वाटलं नव्हतं. माझं सगळं लक्ष खिडकीकडे असायचं.

मला काय हवं होतं ते सांगते. मला बुधवार हवा होता. बुधवारी दुपारी विहीणबाईंचा पाण्यातल्या व्यायामाचा वर्ग असतो, गुडघ्यांसाठी. नातीला आणायचं म्हणून त्या तो बुडवायच्या. मी लेकीला म्हटलं, बुधवार मला दे. मी परत जायच्या आत एकदा तरी त्या शाळेच्या फाटकाशी मी उभी असावी, नातीने दप्तर सांभाळत माझ्या गाडीकडे धावत यावं आणि चारचौघांत कळावं की ही नुसती घरआजी नाही. कारण मी गुडघ्यांचं दिलं. लेकीने माझ्याकडे बघितलं. आई कधीपासून विहिणीच्या गुडघ्यांची काळजी करायला लागली, हे तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. तरी ती हो म्हणाली. अट एक, आधी जावयाबरोबर सराव करायचा, मग एकटीने टेकडीखालच्या डेअरीपर्यंत जाऊन यायचं. डेअरी म्हणजे इथे कोपऱ्यावरचं दुकान, तिथे गाईम्हशी नसतात. आणि हॉर्नला हात लावायचा नाही.

जावई शांत माणूस. शनिवारी-रविवारी तो माझ्याशेजारी बसायचा आणि माझा डावा हात सवयीने हॉर्नवर जाऊन बसला की हळूच म्हणायचा, "आई, हात जरा खाली." टेकडीवरचा रस्ता वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना लोकांच्या गाड्या लावलेल्या, मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. आंधळं वळण आलं की माझ्या हाताला खाज सुटायची. मी विचारलं, इथे तरी वाजवू का? तो म्हणाला, इथे चालेल, पण त्यापेक्षा वेग कमी करा, डावीकडून चला, समोरचाही तसाच येत असतो. मला ते पटत नव्हतं. समोरचा तसाच येत असतो यावर विश्वास ठेवून नाशिकमध्ये कुणी म्हातारं होत नाही. पण मला बुधवार हवा होता. मी हात मांडीवर ठेवायला शिकले. स्टिअरिंगवर एक, मांडीवर एक. जावई म्हणाला, दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत, पण हॉर्नपेक्षा मांडी परवडली. शेवटी तो म्हणाला, "हीप्स बेटर, आई." म्हणजे इथल्या भाषेत खूपच सुधारलं. मी ते लेकीला ऐकू जाईल असं दोनदा सांगितलं.

मग डेअरीच्या फेऱ्या सुरू झाल्या. घरात कधी नव्हे एवढं दूध झालं. मी दुधाची बाटली घेऊन एखादं बक्षीस आणावं तशी घरात यायचे. विहीणबाई म्हणायच्या, छान चालवता हो तुम्ही. त्यांनी कौतुक केलं की मला जास्तच राग यायचा. ज्याच्यावर आपण जळतो त्याने आपलं कौतुक करणं म्हणजे भाजल्यावर मीठ.

पहिला बुधवार ठरला आणि त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, ते झालं.

थंडीचे दिवस, दुपारीच काळवंडून आलेलं, बारीक पाऊस. मी दूध घेऊन टेकडी चढत होते. लाईट लावली होती, तेवढं शिकले होते. अरुंद वाटेच्या तोंडाशी आले तर वरून चंदेरी गाडी उतरताना दिसली. विहीणबाई नातीला पोहण्याच्या क्लासला घेऊन निघाल्या होत्या. वाटेच्या त्या टोकाला त्या, या टोकाला मी, मध्ये दुतर्फा लावलेल्या गाड्या. एकीने थांबायला हवं होतं.

मी डिपर मारला. दोनदा. आपल्याकडे घाटात डिपर मारला की त्याचा अर्थ एकच, मी आले आहे, तू थांब. नाशिकचं शेंबडं पोर हे सांगेल. आणि समोर विहीणबाई आहेत म्हटल्यावर तो डिपर मी जरा जास्तच मनापासून मारला. रोज तुम्ही पुढे असता, आज तुम्ही थांबा, असं सगळं त्या दिव्यात होतं.

विहीणबाईंनी हात वर केला. मला वाटलं, त्या म्हणतायत, थांबले, या तुम्ही. मी निघाले. पण इथे डिपर मारला तर त्याचा अर्थ बरोबर उलटा होतो. मी थांबते, तुम्ही या. विहीणबाईंनी हात वर केला तो आभार मानायला. त्याही निघाल्या.

उतारावरून येणारी त्यांची गाडी, चढावर जोर दिलेली माझी, आणि मध्ये जागा एकीची. ज्या एका क्षणासाठी माणसाने हॉर्न बनवला आहे तो क्षण माझ्यासमोर आला आणि माझा हात मांडीवर होता. शहाण्यासारखा, शिकवल्यासारखा. मी ब्रेक दाबला, त्यांनीही दाबला. दोन्ही गाड्या थांबता थांबता एकमेकींना घासल्या, त्यांचा आरसा माझ्या आरशावर आपटला आणि काच फुटल्याचा आवाज झाला. वायपर तेवढे हलत होते.

कुणाला काही लागलं नाही. त्यांची काच आणि माझी काच समोरासमोर, हात लांब केला तर हात लागेल इतक्या जवळ. विहीणबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. मागच्या सीटवर नात होती, टॉग्जची, म्हणजे पोहण्याच्या कपड्यांची, पिशवी पोटाशी धरून. ती रडत नव्हती. ती नुसतं माझ्याकडे बघत होती, आणि मग कोड्यात पडल्यासारखी म्हणाली, "बट घरआजी, यू सेड गो."

सात वर्षांच्या पोरीला इथल्या दिव्यांची भाषा कळत होती आणि मी तिच्या आजीला थांब म्हणायला गेले होते.

रात्रीच्या जेवणाला विहीणबाई थांबल्या होत्या. लेकीने काय झालं ते विचारलं तर मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, माझंच चुकलं, मला जागेचा अंदाज आला नाही, मीच घाई केली. जावई लगेच काळजीत पडला. आई, डोळे तपासून घेऊ या, म्हणाला. पावसात गाडी नको काढूस काही दिवस. विहीणबाई मान खाली घालून वरणभात कालवत होत्या आणि हो म्हणत होत्या.

मला सांभाळून घेतलं होतं त्यांनी. आता खरं तर मी हात जोडायला हवे होते. पण मला संतापच आला. रोज शाळेत त्या, रोज हॉर्न त्यांचा, आणि आता चांगुलपणाही त्यांचाच? मला भांडायलासुद्धा जागा ठेवणार नव्हत्या. मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि सांगून टाकलं, डिपर मी मारला. तुम्ही थांबा म्हणून मारला. विहीणबाईंच्या डोळ्यांना काही झालेलं नाही.

लेकीने मला डिपरचा इथला अर्थ समजावून सांगितला, लहान मुलाला सांगावा तसा हळू आवाजात. ओरडली असती तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाली, "आई, बुधवार राहू दे." मी खोलीत जाऊन दार लावलं आणि रडले. पश्चात्तापाने नाही. रागाने रडले.

बुधवारी सकाळी नात शाळेत, लेक-जावई कामावर, आणि दारात चंदेरी गाडी आली. आरशाला चिकटपट्टी लावलेली. विहीणबाई आत आल्या, त्यांनीच चहा टाकला, आल्याचा तुकडा कुठे असतो तेही मला न विचारता काढला. माझ्या लेकीच्या स्वयंपाकघरात! मी ते बघत बसले. चहा घेऊन समोर बसल्या आणि म्हणाल्या, मला काय माहीत हो तिकडे डिपरचा अर्थ काय असतो. मी तिकडे कधी चालवलीच नाही. यांच्या स्कूटरवर मागे बसायचे, दोन्ही पाय एका बाजूला टाकून. गाडी इथे येऊन शिकले, केस पिकल्यावर.

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, त्या जन्मतःच चंदेरी गाडीत बसून आल्या. त्यांनी विचारलं, आणखी काय काय असतं तिकडे? मग मी सांगितलं. ट्रकवाल्याने उजवा दिवा दिला की तो वळतोय की तुम्हाला पुढे जा म्हणतोय, हे तुमच्या नशिबावर. लग्नाची वरात असली तर हॉर्नला उत्तर नाही, थांबून नाच बघायचा. घाटात खालून चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा खरा नियम, पण तो सांगावा लागतो डिपर मारूनच. विहीणबाई पोट धरून हसल्या. मलाही बोलताना बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी येत होतं.

त्या बरेपणातच मी विचारून बसले. म्हटलं, सगळं ठीक, पण तुमचं ते पीप-पीप कसं चालतं? मी वाजवला तर शिवी आणि तुम्ही वाजवला तर टाटा?

विहीणबाईंचं हसू थांबलं. कपातल्या चहाकडे बघत त्या म्हणाल्या, "तो टाटाचा हॉर्न नाही हो, विहीणबाई. मी तिला रोज आणते, पण ती मागे बसते. मला आरशात नुसतं तिचं कपाळ दिसतं. काही विचारलं की 'फाइन' म्हणते. घरी आली की चप्पल काढायच्या आत तुमच्या मांडीवर. तुमच्याशी मराठीत बोलते, माझ्याशी कधी बोलली नाही. निघताना मी हाका मारल्या तरी गोष्ट अर्धी टाकून ती यायची नाही. म्हणून वाजवते. तुमच्या मांडीवरून उठून एकदा तरी माझ्याकडे बघावं म्हणून."

मला काय वाटायला हवं होतं ते मला माहीत आहे. मला आनंद झाला. धडधडीत आनंद. इतके दिवस मी जिच्यावर जळत होते ती माझ्यावर जळत होती, आणि ज्या हॉर्नने माझ्या पोटात दुखायचं तो तिच्या पोटात दुखत होतं म्हणून वाजत होता. लाज वाटली, पण ती नंतर, आणि तीही बेताची. तोंडाने मी एवढंच म्हटलं की चहात आलं छान उतरलंय.

चहा संपल्यावर त्या म्हणाल्या, आज बुधवार आहे, दुपारी शाळेत चला. माझी गाडी तुम्ही चालवा, मी शेजारी बसते, सूनबाईला मी सांगते. त्यांनी तिथूनच लेकीला फोन केला. लेकीचं काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण विहीणबाई दोनदा म्हणाल्या, अगं मी आहे ना. माझ्या बुधवारात त्या होत्याच. पण नाहीपेक्षा निम्मं बरं म्हणून मी चपला घातल्या.

दुपारी निघालो. त्याच अरुंद वाटेशी समोरून एक व्हॅन आली आणि तिने डिपर मारला. माझा पाय आपोआप ब्रेकवर. विहीणबाई म्हणाल्या, "तो या म्हणतोय." मी गेले. जाताना हात वर केला. व्हॅनवाल्यानेही हात वर केला. कुणी कुणाला दटावलं नाही की वाट अडवली नाही, आणि मला ते उगाचच थोडं बेचव वाटलं.

शाळेच्या फाटकाशी आम्ही दोघी उभ्या राहिलो. नात बाहेर आली, आम्हाला बघून थबकली आणि धावत आली. कुणाकडे, ते मी अगदी टक लावून बघत होते. ती आली आणि आमच्या दोघींच्या मधून पळत थेट गाडीत जाऊन बसली, कारण तिला भूक लागली होती. मी स्टिअरिंगवर बसले, आरसा नीट केला. आज शाळेत काय केलं, विचारलं. ती म्हणाली, "फाइन." आरशात मला तिचं कपाळ दिसलं. नुसतं कपाळ. शेजारी विहीणबाई समोर रस्त्याकडे बघत होत्या.

घरी आल्यावर नात माझ्या मांडीवर चढली. कालची गोष्ट अर्धी राहिली होती. ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवर एका माकडाने माझा चष्मा पळवला होता त्याची. माकड झाडावर चढून चष्मा लावून बघतंय, तिथवर आलो होतो. विहीणबाई उठल्या, येते म्हणाल्या, पर्स घेऊन गेल्या. दार लागलं. गाडी उलटी निघाल्याचा आवाज आला, रस्त्याला लागल्याचा आला. मग काहीच आलं नाही.

हॉर्न वाजला नाही. मला सांगून बसल्यावर आता त्यांना तो वाजवता येत नव्हता.

"मग? मग काय झालं?" नात विचारत होती. तिला काही कळलं नव्हतं. बुधवार मला मिळाला होता, मांडी भरलेली होती, खिडकीकडे कुणी धावलं नव्हतं. इतके दिवस मी जे मागत होते ते सगळं एकाच दुपारी माझ्या पदरात पडलं होतं. आणि मला माकडाचं पुढे काय झालं ते आठवेना.

मी तिला सोफ्यावर बसवलं, आलेच म्हटलं, आणि घरातल्याच जँडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांत, बाहेर गेले. पाऊस होता. गाडी अजून कडेला उभी होती, लाईट लावलेली, काच खाली केलेली. विहीणबाई काहीतरी शोधल्यासारखं पर्समध्ये बघत होत्या. मी गाडीला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले, खिडकीतून हात आत घातला आणि हॉर्न दाबला.

माझ्याच्याने पीप-पीप झालं नाही. घाटातला वाजला, लांबलचक, वळण संपेपर्यंतचा. समोरच्या घराचा पडदा बाजूला झाला. वरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. "अहो, शिवी देताय तुम्ही," विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

नात खिडकीशी धावत आली. काचेला नाक लावून तिने बघितलं, मग हात उंच केला आणि बोटं मिटली, उघडली, मिटली, उघडली. विहीणबाईंनी गाडीतून तशीच बोटं नाचवली. मी पावसात दोघींच्या मध्ये उभी राहून बघत होते. खूण माझी होती. टाटा त्यांना होता.